गोदाक्काचं निधान

लग्न होऊन राजेश्वर गावी राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी भिंतीपलीकडून तो आवाज आला. उन्हाळा होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या आणि मी ओसरीत शेंगा फोडत बसले होते. आमच्या आणि शेजारच्या घराची मधली भिंत एकच, वर पत्र्याखाली फट. तिकडं तांब्या पडला तरी इकडं कळायचं.

पलीकडं कुणीतरी फुंकर घालत होतं. गरम चहावर घालतात तशी, पण इतकी लांब की ऐकता ऐकता माझाच जीव गुदमरला. ती संपली आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, लहान मुलाला समजवावं तसा.

"हां. आता तू सोड. निधान."

मग शांतता. आधीची फुंकर जेवढी लांब होती, तेवढीच लांब शांतता.

"जमायलंय बग," बाई म्हणाली.

मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेलं धन. इकडच्या कानडीत निधान म्हणजे हळू, सावकाश. मी उदगीरकडची, मला हा दुसरा अर्थ तेव्हा ठाऊक नव्हता. त्यामुळं म्हातारी कुणाला तरी पुरलेलं धन बाहेर काढायला सांगतेय, असंच मला वाटलं आणि अंगावर काटा आला.

संध्याकाळी सासूबाईंना विचारलं, शेजारी कोण कोण राहतं?

"गोदाक्का. एकटीच हाय."

"मग बोलतात कुणाशी?"

सासूबाईंनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं. "आपल्या घरात असल्या गोष्टीला थारा न्हाई," त्या म्हणाल्या. "बाई चांगली हाय. शेंगाची चटणी नेऊन दी तिला. पर हे विचारू नकोस."

गोदाक्काची माणसं मूळची मेंढरांमागची. दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं गेली आणि मजुरी, शेती आली. ती स्वतः मात्र लग्नाकार्यातली आचारीण होती. हाडापेरानं दांडगी. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या थेंबांचे जुने पांढरे डाग. खांदे कायम वर ओढलेले, जणू कुणी मागून काखेत हात घालून तिला उचललंय. छाती रांजणासारखी गोल झालेली आणि ओठांवर जांभळट झाक. ती कधी टेकून बसायची नाही. खाटेच्या कडेला पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसायची. अंधाऱ्या घरात तशी बसलेली ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ही कशावर तरी झडप घालायच्या बेतात आहे.

तिचं बोलणंही तसंच. वाक्य जिथं संपायला हवं तिथं संपत नसे, जिथं हवा संपेल तिथं तुटायचं. मधे नाकानं श्वास, मग ओठांचा चंबू, मग ती लांबलचक फुंकर आणि त्यानंतर उरलेलं वाक्य. चटणी घेऊन गेले त्या दिवशी ती माझ्याकडं टक लावून म्हणाली, "काल तुझ्या सासूनं मारलं..." आणि थांबली. फुंकर संपेपर्यंत मी दारात उभीच. "...उंबऱ्यापाशी विंचू. तू सांभाळून ऱ्हा." दुसऱ्यांदा म्हणाली, "माझी बसखाली गेली..." बऱ्याच वेळानं आलं, "...चप्पल." गल्लीतली पोरं तिच्या वाक्यांच्या मधल्या जागेत घाबरून पळून जायची. गोदाक्काला त्याची गंमत वाटायची. पण ती हसत नसे. हसण्यात दम फार जातो, म्हणायची.

पुढं मी जात राहिले. एकदा दार लोटलेलं होतं म्हणून हाक न देताच आत गेले. गोदाक्का खाटेवर उशी उंच घेऊन पडली होती, डोळे मिटलेले. पोटावर पितळेची एक वाटी. श्वास घेतला की वाटी वर चढायची, सोडला की खाली उतरायची. छाती जागची हलत नव्हती. खाटेशेजारी जमिनीवर एक चटई अंथरलेली होती, रिकामी, नीट उशी ठेवलेली. आणि त्या चटईच्या मधोमध, माणसाचं पोट येईल त्या जागी, तशीच दुसरी वाटी.

"ती कुणाची?" माझ्या तोंडून गेलं.

"रखमीची," डोळे न उघडता गोदाक्का म्हणाली.

ती दुसरी वाटी हलत होती का, हे मी सांगू शकणार नाही. मी तिच्याकडं पाहिलंच नाही.

रखमा ही तिची मोठी जाऊ. त्या दोघी मिळून स्वयंपाकाची कामं घ्यायच्या. राजेश्वर, बसवकल्याण, हुमनाबाद, पार उमरग्यापर्यंत. जमिनीत खणलेल्या चुली, ओली लाकडं, हुग्गीच्या म्हणजे गव्हाच्या खिरीच्या कढया, आणि तोंड धुरात. सारी हयात त्यात गेली. आधी रखमाला खोकला लागला, मग दम. रखमा त्याची गोष्टच काढायची नाही. पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा कढईवर.

तिचं काय झालं ते गोदाक्कानं मला एकाच बैठकीत सांगितलं, त्या तुटक तुटक वाक्यांत. सांगायला बराच वेळ लागला आणि मधल्या जागा मला त्या दिवशी नको झाल्या.

एका लग्नात वारा सुटला म्हणून चुली पत्र्याच्या खोलीत घेतल्या होत्या. भर दुपारी, पंगती बसलेल्या, आणि रखमा हातातला झारा तसाच धरून खाली बसली. डोळे मोठे झाले. माणसं धावली. कुणी तिला सपाट निजवलं, कुणी छाती चोळली, कुणी तोंडावर पाणी मारलं. गाडी आणायला माणूस गेला.

"आमी सगळे वरडायलोत, घे, श्वास घे, घे गं रखमे, घे," गोदाक्का म्हणाली. "ती घ्यायलीच होती. घेतच होती. नुसती घेतच होती. आतलं बाहेर यायला जागाच न्हाई, आन् ती वरून घ्यायलीय. माझ्याकडं बगायली. मी बी म्हणायले, घे."

फुंकर घातली. पुन्हा श्वास घेतला.

"सोड, असं कुणी म्हणलंच न्हाई."

गाडी यायच्या आत रखमा गेली.

त्यानंतर काही दिवसांतच गोदाक्काला स्वतःला दम लागायला लागला. खरं तर तो आधीपासूनच होता. पण रखमा असेपर्यंत तिचा आजार मोठा होता, ती गेल्यावर हिचा दिसू लागला. दुपारी डोळा लागला की छातीवर कुणीतरी येऊन बसायचं. ती उठून दारात यायची, चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. माणसं बोलायला लागली की रखमी बसलीय हिच्या उरावर, उपाशीपोटी गेली, दमानं गेली, एकटी जाईना. गोदाक्कालाही ते पटलं. मग भावकीनं आळंदकडचा एक देवर्षी आणला. त्यानं दारं खिडक्या लावून घेतल्या, निखाऱ्यांवर धूप, मिरच्या, केस टाकले आणि तिचं डोकं त्या धुरात दाबून धरलं.

"मला वाटलं, आता गेलेच," ती म्हणाली. "तवा पलीकडं कुणी तरी पत्र्यावर दणादणा हाणायलं. घाबरून देवर्ष्यानं दार उघडलं. बाहेर कुणीच न्हवतं."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. भाजीला मीठ कमी पडलं, हे सांगावं तसं.

त्या उघड्या दारातून, मागाहून पोचलेल्या तिच्या जावयानं तिला उचलून गाडीत घातलं आणि गुलबर्ग्याला नेलं. तिथल्या दवाखान्यात तोंडात मारायचा पंप मिळाला, औषधं मिळाली, आणि श्वासाचा व्यायाम शिकवणारी एक कानडी पोरगी भेटली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धुरानं खाल्लेली फुप्फुसं परत नवी होत नसतात. पोरगी म्हणाली, नवी होत नाहीत, पण आहेत तेवढ्यात चालवायला शिकता येतं. समोर दिवा आहे असं समजा, अम्मा. ओठ आवळून फुंका. ज्योत वाकली पाहिजे, विझायला नको. निधान, निधान. दम लागला तर सपाट पडायचं नाही, पुढं वाकून बसायचं. उठताना, उचलताना, पायरी चढताना श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही. तुमच्या आत हवा अडकून बसते, जुनी बाहेर गेली तर नवी आत येणार.

गोदाक्कानं तिला तिथंच विचारलं, मग माझी जाऊ सोड म्हणल्यानं वाचली असती का?

पोरगी म्हणाली, नुसत्या त्यानं वाचल्या असत्या असं मी सांगणार नाही. पण एवढी भीती वाटली नसती.

"तेवढं बास झालं की," गोदाक्का मला म्हणाली. "ती भितीय म्हूनच माझ्याकडं यायलीय. उरावर कामून बसंल ती माझ्या? बसाया जागा न्हाई, म्हून बसायली. तिला कुणी शिकिवलंच न्हाई."

म्हणून ती शिकवत होती. रोज. वाटी पोटावर, मग खाटेवरून हात न टेकता उठणं आणि बसणं, मग पाण्यानं भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून खांद्यापर्यंत नेणं. प्रत्येक गोष्ट आधी स्वतः, मग "आता तू". पंप मात्र स्वतःच घ्यायची. "तिला आता औषिद काय करायचंय," म्हणायची.

आणि चालणं. पहाटे फटफटल्यावर ती वेशीबाहेर तुरीच्या रानाकडं जायची, पदर तोंडाला गच्च लावून. थोडं चालायचं, दम लागायच्या आधीच थांबायचं, पुढं वाकून गुडघ्यांवर हात ठेवायचे, फुंकायचं, पुन्हा चालायचं. थंडीत धुकं उतरलं की वाटेवरून येणाऱ्या माणसांना आधी नुसता तो आवाज यायचा, सापानं फूत्कार टाकावा तसा, पण न संपणारा. मग धुक्यात वाकलेली मोठी आकृती. दूधवाल्यानं वाट बदलली होती.

मी बसवकल्याणच्या शाळेत शिकवते. पहाटेच्या बसला जाताना एकदा मला ती अशी भेटली. म्हणजे आधी आवाज भेटला. मला कारण माहीत होतं, त्यामुळं मी भ्यायले नाही, उलट उभी राहून ऐकत होते. फुंकर चालू होती. ती संपली, आणि ती संपते न संपते तोच दुसरी सुरू झाली, तितकीच लांब. एका माणसाला फुंकर संपवून श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढाही मधे गेला नव्हता.

मी पुढं झाले. गोदाक्का एकटीच होती, गुडघ्यांवर हात ठेवून. तिचे ओठ मिटलेले होते.

"बस चुकंल," ती नाकानं श्वास घेत म्हणाली. "जा की."

घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात थारा नाही म्हणून नाही सांगितलं, की सांगितलं तर ते खरं होईल म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

गावात तिला उघडपणे भुताळी म्हणणारा माणूस एकच होता. अण्णाराव. बसचा निवृत्त ड्रायव्हर, बोटांना बिडीचे पिवळे डाग, आवाज हॉर्नसारखा. "गोदे, आज किती भुतं जेवायला?" असं तो चौकातून ओरडायचा. ती त्याच्याकडं बघायची नाही. मला म्हणायची, "ह्याची बी छाती वाजायलीय. ऐक तू. त्याला ऐकू येईना अजून."

तुरीची मळणी चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. अण्णाराव चौकामागच्या खळ्यात मुलाच्या तुरीच्या राशीपाशी उभा राहिला होता, यंत्राचा भुस्सा उडत होता. तिथंच त्याला दम लागला. माणसांनी त्याला उचलून किराणा दुकानाच्या ओट्यावर आणलं आणि तुरीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकवलं. सुट्टी होती, मी दुकानातच होते. हॉर्नसारखा आवाज असलेला तो माणूस मुका झाला होता. मान ताणलेली, डोळे बाहेर आलेले, बनियन दोन्ही हातांनी फाडायला निघालेला. कुणीतरी अँब्युलन्सला फोन लावत होतं. बाकीचे एकसुरात ओरडत होते, "घ्या अण्णा, श्वास घ्या, जोरात घ्या."

गर्दीमागून गोदाक्काचा आवाज आला. तो एवढा मोठा असू शकतो हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

"घे म्हणू नगा! सोड म्हणा!"

माणसं बाजूला झाली. ती ओट्यावर चढली, त्याच्यासमोर मांडी घालून बसली, त्याचे हात बनियनवरून सोडवून त्याच्याच गुडघ्यांवर ठेवले आणि त्याला पुढं ओढलं, कपाळाला कपाळ लागेल इतकं. "माझ्याकडं बग. मी सोडायलेय, तसं सोड." आणि तिनं फुंकर घातली.

पहिल्यांदा त्याला जमलं नाही. दुसऱ्यांदा नुसती शिट्टी वाजली. ती थांबली नाही. "निधान, अण्णा. पळून जायली न्हाई हवा." हळूहळू त्याचे ओठ आवळले. दुकानदार फुंकायला लागला, फोनवरचा पोरगा फुंकायला लागला. मग माझ्या लक्षात आलं की ओट्याभोवतीची सगळी माणसं एकाच वेळी श्वास सोडत होती, एकाच वेळी थांबत होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. भर दुपारी त्या चौकात दुसरा आवाज नव्हता, यंत्रसुद्धा कुणीतरी बंद केलं होतं. एवढी माणसं मिळून एकच कुणीतरी श्वास घेतंय, असं वाटत होतं. ते कोण, या विचारानं मी मधेच थांबले आणि मला एकदम एकटं पडल्यासारखं झालं. मी पुन्हा त्यांच्यात मिसळले.

अँब्युलन्स आली तेव्हा अण्णाराव बोलण्याइतका झाला होता. दवाखान्यात काही दिवस राहून तो परत आला. मी बघायला गेले तर त्यानं मला जवळ बोलावलं, बायको आत गेलीय याची खात्री केली.

"टीचर, तुमी होतात न्हवं तिथं? गोदी माझ्यासमोर होती. मागं कोण होतं?"

"मागं पोती होती, अण्णा."

"हात होता," तो म्हणाला. "पाठीवर. बाईमाणसाचा. वरून खाली फिरवायली होती, सोड सोड म्हणत. माझ्या कानात बोलायली ती."

मी त्या ओट्यावरची पोती आठवून पाहिली. भिंतीला लागून थप्पी, थप्पीला लागून अण्णाराव. तो पुढं वाकला तरी मागं माणूस मावेल एवढी जागा नव्हती.

हे मी गोदाक्काला सांगितलं. पहिल्यांदाच ती हसताना दिसली. दम जाईल याची पर्वा न करता, तोंडाला पदर लावून, बराच वेळ.

"म्हंजे शिकली की गं," ती म्हणाली. आणि मग तिचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून तिनं चटई अंथरली नाही. अण्णाराव बिडी सोडून रोज सकाळी तिच्या अंगणात यायला लागला, खाटेवरून उठबस करायला. तालुक्याहून दोन बायकाही आल्या, दोघी चुलीच्या धुरानंच दम लागलेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, गोदाक्काची शाळा चांगली चाललीय. पण ती स्वतः ढिली पडत गेली. चालायला जाईना. बाटल्या कोपऱ्यात पडलेल्या. मी रागावले.

"कुणासाठी करू?" ती म्हणाली. "मी माझ्यासाठी कवा केलं व्हतं व्हय? तिला शिकवायचं म्हून उठायले. आता तिचं झालं. मला सकाळी उठवत न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात तिला सर्दीचं निमित्त झालं आणि ते छातीत उतरलं. गुलबर्ग्याला दोनदा न्यावं लागलं. दुसऱ्यांदा आली ती ऑक्सिजनचं यंत्र घेऊनच. त्या यंत्राची घरघर आता भिंतीपलीकडून यायची. लेकीनं ठरवलं, आईला आळंदला आपल्याकडं न्यायचं. गोदाक्कानं वाद घातला नाही, पण निघायच्या आदल्या आठवड्यात मी तिला पुन्हा अंगणात उठबस करताना पाहिलं. बाटल्याही बाहेर निघाल्या होत्या.

"आता कुणासाठी?" मी चेष्टेत विचारलं.

"लेकीचा जिना हाय," ती म्हणाली. "मला वर कुणी उचलून नेलेलं चालायचं न्हाई."

जाण्याच्या दिवशी जावई यंत्र आणि सामान घेऊन गाडीनं पुढं गेला. बंद गाडीत जीव कोंडतो म्हणून गोदाक्का लेकीबरोबर बसनंच निघाली. मी थांब्यावर सोडायला गेले. उन्हं कोवळी होती. ती बाकाच्या कडेला तिच्या नेहमीच्या पद्धतीनं बसली होती. लेक तिकिटासाठी नोट मोडायला टपरीवर गेली, तेव्हा मी हळूच विचारलं,

"आणि रखमाक्का?"

ते नाव मी पहिल्यांदाच स्वतःहून घेतलं होतं.

"ती तिच्या मनाची मालकीण," गोदाक्का म्हणाली. "यावं वाटलं तर येईल. मी काय वढून न्यायलेय व्हय तिला?"

बस आली. रविवारची गर्दी होती, माणसं दाराशी धावली. लेक मागच्या दारानं जागा धरायला आधीच चढली. गोदाक्का पुढच्या दाराशी गेली, कुणाचा हात धरला नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दांडा पकडला, ओठ आवळले आणि श्वास सोडत वर गेली. थांबली. पुन्हा ओठ आवळले, पुन्हा एक पायरी. मागची माणसं रेटायला लागली तसा तिनं मागं न बघता हात उचलला, पंजा उघडून. सगळे जागच्या जागी थांबले.

ती वर पोचली, आत वळली, दिसेनाशी झाली. तरी कुणी पुढं झालं नाही. दार मोकळंच होतं. एखाद्या बाईला दम घेत घेत दोन पायऱ्या चढायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ मोकळंच राहिलं.

मग दारातल्या कंडक्टरनं, कुणाला तरी आत जायला वाट द्यावी तसं, अंग चोरून घेतलं. आणि त्यानंतर बाकीची माणसं चढली.